फळ्यावरची तिसरी ओळ

बी.एड.ला माझ्या खोलीसोबत्याइतक्या दिमाखात नापास झालेला माणूस सातारा-सांगली भागात दुसरा सापडायचा नाही. गडी माण तालुक्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला, गणितात बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेला. सत्तर सालानंतर साताऱ्यात आम्ही एका खोलीत राहत होतो. हा दाढी करता करता आरशावर साबणाने समीकरणे मांडायचा आणि पुसू द्यायचा नाही, त्यामुळे माझ्या गालावर कायम एखादा तरी काप असे. पण पाठाचे टाचण लिहायचे म्हटले की त्याचे बिनसायचे. टाचणात आपले प्रश्न आणि शेजारी विद्यार्थ्यांची अपेक्षित उत्तरे लिहायची असत. उत्तरांचा रकाना तो कोरा ठेवी. "पोरांनी अजून त्वांड उघडलं न्हाई, आन् मी त्यांचं उत्तर लिवू? मी काय देवरुषी हाय?"

परीक्षेचा पाठ बघायला बाहेरचे परीक्षक येत. आम्ही बाकीचे आदल्या दिवशीच वर्गाला उत्तरे पढवून ठेवत असू. त्याला ही शुद्ध चोरी वाटे. तो फळ्यावर मुद्दाम एक चूक करी आणि वर्गाने ती पकडेपर्यंत पुढे सरकत नसे. पहिल्या वर्षी शेरा मिळाला, 'शिक्षक चुकतात.' दुसऱ्या वर्षी, 'पुन्हा चुकतात.'

तोवर तो गावाकडच्या शाळेत लागला होता. यंदा पास झाला नाहीत तर नोकरी राहणार नाही, असे शाळेने कळवले. मी तेव्हा सांगलीत मास्तर होतो, तिथून मुद्दाम त्याची समजूत घालायला गेलो.

"एक दिवस नीट वाग की, गड्या."

"लय सोपं हाय रं ते. म्हणूनच करनार न्हाई."

परीक्षेच्या पाठाला मी वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहिलो. समीकरणाच्या तिसऱ्या ओळीत त्याने पाच बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले आणि अधिकचे उणे केले नाही. मग हात मागे बांधून थांबला. पोरे ती ओळ वहीत उतरवून घेत होती. परीक्षकांनी पेन उघडले. मीच ओरडणार होतो, एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, तिसरी वळ चुकलीया."

त्याला इतका खूश झालेला मी कधी पाहिले नव्हते. त्याने खडू तिच्या हातात दिला. परीक्षकांनी याही वेळी तोच शेरा लिहिला आणि नोकरी गेली.

पुढे तो गावातच मेंढरे सांभाळून शिकवण्या घेऊ लागला. मी पहिल्या वर्गात पास झालो होतो. माझी टाचणे नमुना म्हणून दाखवत. मीही फळ्यावर चुकलो असेनच, पण इतक्या वर्षांत माझ्या वर्गात तसे कुणी उठून उभे राहिले नाही. मला त्याची फार आठवण येते.