तेल्याचा चंद्र

“चंद्र सोताभोवती फिरत न्हाय म्हणणाऱ्याला हितं थेंबभर तेल मिळणार न्हाय!”

बाळीवेशीतला आमचा तेली ओरडला, तेव्हा पार अक्कलकोटचे कावळे उडाले. समोर शाळेचे मास्तर रिकामी बरणी घेऊन उभे. “चंद्राची एकच बाजू दिसते, म्हणजे तो फिरत नाही,” एवढंच ते म्हणाले होते.

पण हा गडी तेल मापताना ग्रहताऱ्यांवर बोलणारा, आणि एकदा पटलं की यमाचंही न ऐकणारा. त्यानं बैल सोडला, जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि घाण्याभोवती चालू लागला.

“डावा खांदा कायम घाण्याकडं. पन तोंड बगा! आता देवळाकडं, आता वेशीकडं. फिरलो का न्हाय?”

“मग सगळ्याच ग्रहांचे सगळे चंद्र असे एकच बाजू दाखवत का फिरत नाहीत?” मास्तरांनी विचारलं.

“जवळच्या चंद्राला ग्रहाची ओढ लई, मास्तर. लाखो वर्सं ओढून ती त्याची गिरकी धिमी करती, एका फेरीला एकच गिरकी उरंपतूर. लांबच्याला ती पुरत न्हाय. ते कुत्रं बगा, अंगणात कसं मोकळं गिरक्या घेतंय!”

माझ्या अंदाजानं सात हजार फेऱ्या झाल्या. शेवटी चक्कर मास्तरांनाच आली. “फिरतो रे बाबा, चंद्र फिरतो!”

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “एवढा आटापिटा कशाला केलास?”

सोललेल्या खांद्याला तेल चोळत तो म्हणाला, “मास्तर आज पोरांना चंद्र फिरत न्हाय असंच शिकवनार व्हते की.”