रूथ वर्गाचं दार

वर्लीन टिडवेल माझ्या माहितीत एकदाच खोटं बोलली, आणि तेही चर्चमध्ये, साडेचारशे माणसांसमोर उभी राहून. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मी पुडिंगचं भांडं हातात घेऊन मागच्या दारात उभी होते आणि गप्प राहिले. तेव्हा ही गोष्ट तिची असली तरी तिच्यातून माझी सुटका नाही, हे आधीच सांगून टाकते.

अलाबामातल्या आमच्या शहरात चर्चं पायलीला पन्नास, पण 'मोठं बॅप्टिस्ट' म्हटलं की ते एकच, कोर्टासमोरचं, घुमटाचं. एके काळी त्याच्या आजूबाजूला चार मोठी दुकानं होती. एकाच्या काचांवर आता फळ्या ठोकल्यात, एक जळालं आणि उरलेली दोन पाडून आम्हीच तिथं गाड्या लावायची जागा केली. सोमवार ते शनिवार त्या चौकात कबुतरं आणि वकील, बस्स. रविवारी मात्र दोन हजार माणूस येतं. कोपऱ्यावरचा कॅफेटेरिया आमच्याच जिवावर तग धरून आहे. आमचे पाद्री ब्रदर हॉलिस, त्यांचं प्रवचन बारा वाजून पाच मिनिटांच्या पुढं गेलं, की पुरुषमंडळी घड्याळाकडे बघायला लागतात, कारण तोवर पलीकडच्या चर्चचे मेथडिस्ट रांगेत पुढं जाऊन चांगली चांगली कोंबडी उचलतात.

मी तिथल्या स्वयंपाकघरात. बुधवारचं जेवण माझ्याकडे, आणि रविवारची कॉफी. वर्लीनकडे हौद.

आमच्यात बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर चार थेंब शिंपडणं नाही, माणूस अख्खा पाण्याखाली जातो. गायकांच्या बाकांमागे उंचावर काचेचा हौद आहे, मागच्या भिंतीवर नदी रंगवलेली. वर्लीन पहाटे सहाला नळ सोडायची, पाणी कोमट करायची, पांढरे झगे इस्त्री करून टांगायची. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये म्हणून त्याच्या काठात शिशाचे तुकडे शिवलेले असतात, ते तिनंच शिवलेले. लेकरं पायरीवर थरथरत उभी असायची. ही त्यांना सांगायची, "नाक धर, गुडघे वाकव, बाकीचं ब्रदर बघतील. आणि ओरडलास ना, तर तुझ्या आईला वाटेल मीच चिमटा काढला." पोर हसत हसत पाण्यात उतरायचं. बाहेर आलं की ही टॉवेल पसरून उभीच.

तो टॉवेल तिनं उगाच धरला नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी ती कापडगिरणीच्या वस्तीतून बसनं इथं आली, एकोणीस वर्षांची. चौकातल्या दुकानातल्या पोरी तिच्या गिरणीत खरबरीत झालेल्या हातांकडे बघून विकायचे हातमोजे काउंटरखाली सरकवायच्या. त्याच आठवड्यात तिचा बाप्तिस्मा झाला, आणि हौदातून वर आल्यावर कुणीशा बाईनं तिला टॉवेलात गुंडाळून घट्ट धरलं. "या अख्ख्या शहरात मला पहिल्यांदा तिथं ऊब मिळाली, जुनेल," असं ती मला म्हणायची. पुढं ती बाई गेली आणि टॉवेल वर्लीनकडे आला. त्याला एकतीस वर्षं झाली.

हौदाच्या बरोबर खाली रूथ वर्गाची खोली. रविवारी पावणेदहाला तिथं वर्लीन धरून अकरा म्हाताऱ्या बायबल घेऊन बसतात. वर्लीनची थोरली बहीण ओपल त्यांची प्रमुख, खुब्याचं हाड नवं बसवलेलं, जीभ मात्र मूळचीच.

गेल्या वर्षी हौदाचं पाणी उतरायला लागलं. आधी प्रार्थना संपेपर्यंत एक बोट, मग दोन. वर्लीन पायरीजवळच्या फरशीवर पेन्सिलीनं रेघ ओढून ठेवायची. गायकवृंद टिपेला पोचला की त्या आवाजाखाली ती हळूच नळ सोडून पाणी पुन्हा काचेवरच्या निळ्या पट्टीपर्यंत आणायची. नाताळापर्यंत चार बोटं झाली. खाली रूथ वर्गाच्या छतावर तपकिरी डाग पडला. तो तिनं उरलेल्या रंगानं स्वतः रंगवला, शिडीवर चढून, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. पंधरा दिवसांत तो पुन्हा वर आला.

मग त्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. ओपलनं सुतार बोलावला. त्यानं दाराचा वरचा काठ रंध्यानं तासून दिला आणि तो गेला. महिन्याभरानं दार पुन्हा अडकलं, सुतारानं पुन्हा तासलं.

"दार वाढत नाही गं, वर्लीन," मी म्हटलं. "वरचं खाली येतंय."

"मला दिसतंय."

"मग सांग की कुणाला!"

तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. "कुणाला सांगू? बारफील्डला?"

डॉक्टर बारफील्ड म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या गटाला चर्च इथून उचलून हमरस्त्यालगतच्या चाळीस एकरांवर न्यायचं होतं. गाड्यांना जागा, पोरांना मैदान, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी या चौकात पाय ठेवायला नको. मार्चमधल्या बुधवारी मतदान होतं. इमारत मोडकळीला आलीय एवढं एक वाक्य त्यांच्या हाती लागलं असतं तर खेळ खलास. हमरस्त्याला बस जात नाही. वर्लीनला गाडी येत नाही, ओपललाही नाही, त्या अकरांपैकी नऊ जणींना नाही.

"मतदान होऊ दे," वर्लीन म्हणाली. "जिंकलो की दुसऱ्या दिवशी मीच जाऊन सांगते."

मला पटलं. आज लाज वाटते, पण तेव्हा पटलं.

मतदानाच्या बुधवारी जेवायला तळलेली कोंबडी, मक्याचा पाव आणि केळ्याचं पुडिंग होतं. ताटं आवरली गेली, ब्रदर हॉलिसनी प्रार्थना म्हटली, चर्च इथंच ठेवायचा ठराव मांडला गेला. डॉक्टर बारफील्ड उठले. माणूस सभ्य, आवाज कधी चढायचा नाही.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "ही इमारत धड आहे का? समितीला नाही विचारत मी, समितीला आपलं नाक पुसायलाही तीन बैठका लागतात." लोक हसले. "मिस वर्लीनना विचारतो. त्यांनी माझ्या तिन्ही लेकरांना टॉवेल दिलाय. त्या सांगतील ते मी ऐकेन, आणि खाली बसेन."

सगळ्यांच्या माना वळल्या. वर्लीन उठली. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"धड आहे," ती म्हणाली.

डॉक्टर मान तुकवून खाली बसले. मग बाजूनं असलेल्यांनी उभं राहायचं होतं. एक रांग उठली, दुसरी उठली, आणि आमच्या लोकांची खोड अशी, की कल दिसला की मागं राहणं बरं दिसत नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "ठराव एकमतानं झाला असं धरू या," आणि खुद्द बारफील्डही उठले. म्हाताऱ्या रडत होत्या. ओपलनं वर्लीनला मिठी मारली. पुडिंग संपलं तरी कुणी घरी जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्लीन शब्दाप्रमाणे ब्रदर हॉलिसकडे गेली. सगळं सांगितलं: रेघा, डाग, दार. ते बराच वेळ टेबलावरचा कागद सरळ करत बसले.

"मिस वर्लीन, आज हे बाहेर पडलं तर लोक म्हणतील मत फसवून घेतलं. चर्च दुभंगेल. ईस्टरला तीस जणांचा बाप्तिस्मा ठरलाय, त्यांच्या आजी-आजोबांची विमानाची तिकिटं निघालीत. नंतर बघू, शांतपणे."

"मी ईस्टरला हौद भरणार नाही, ब्रदर."

"दमलात तुम्ही," ते प्रेमानं म्हणाले. "एकतीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली?"

तिनं किल्ली टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारी तिचा सत्कार झाला, गुच्छ मिळाला, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली.

मग वर्ग सुटल्यावर ती ओपलकडे गेली. मी तिथंच कपबश्या उचलत होते.

"ओपल, वर्ग दुसऱ्या खोलीत ने."

"का म्हणून? चाळीस वर्षं आम्ही इथं बसतोय."

"छत धड नाही."

"अगं बाई! तूच ना साडेचारशे लोकांपुढं सांगितलंस?"

"खोटं बोलले मी."

ओपल मनापासून हसली. "तू? हौदाची किल्ली गेली म्हणून रुसलीयस झालं. लहानपणापासून अशीच. बाहुली काढून घेतली की घराला आग लागली म्हणून बोंब मारायची!" बाकीच्याही हसल्या. वर्लीन माझ्याकडे बघत होती. मी म्हणायला हवं होतं, ती खरं बोलतेय, मी साक्षीदार आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता: तुला कधीपासून ठाऊक? मी कपबश्या उचलून निघून आले.

ईस्टरच्या सकाळी कॉफी घेऊन गेले तर खोलीतल्या खुर्च्या हललेल्या. दहा खुर्च्या दाराशी दाटीवाटीनं, ओपलची सगळ्यात बाहेर, तिची काठी चौकटीला टेकवलेली. वर्लीननं सांगितलं होतं म्हणे, आत गारठा असतो. ती स्वतः मात्र खोलीच्या मधोमध, डागाखाली, एकटी बसली होती, बायबल मांडीवर. वर हौद भरत होता. भिंतीतून नळाची घरघर ऐकू येत होती. छताचा बारीक चुरा तिच्या निळ्या टोपीवर पडला, तो तिनं बोटांनी झटकला आणि पान उलटलं.

"एवढी लांब का बसलीयस?" कुणीतरी विचारलं.

"इथं उजेड बरा आहे," ती म्हणाली.

त्या दिवशी काही झालं नाही. तीसही जण पाण्यात गेले आणि वर आले, मेथडिस्टांनी कोंबडी संपवली. मे महिन्यातही काही झालं नाही. 'नंतर बघू' हे ब्रदर हॉलिसनी आता शरदावर ढकललंय. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक रविवारी वर्लीन त्याच खुर्चीत बसते. मी तिला म्हटलं, तू तिथं बसून छत थोडंच तोलून धरणार आहेस? ती म्हणाली, "माझ्या शब्दाखाली मीच बसायला हवं ना, जुनेल."

येत्या रविवारी सत्तावीस नावं आहेत. परवा सुतार येऊन रूथ वर्गाचं दार तिसऱ्यांदा तासून गेला. काल ती स्वयंपाकघरात आली, किटली पुसून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "रविवारी कॉफी दाराबाहेरच ठेव हं. आत येऊ नकोस."

मी बरं म्हटलं.