झटकेमामाचं बोट

गॅरेजात त्याला सगळे झटकेमामा म्हणत. गाडी चालू होईना, की हा प्लगची वायर उपसायचा, मनगट इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, बोट वायरीच्या तोंडाशी धरायचा आणि ओरडायचा, "मार सेल्फ!" झटका बसला तर ठिणगी ठीक, नाही बसला तर कॉइल मेली. तीस वर्षं ते बोटच त्याचं मीटर होतं. कामावर आलेल्या प्रत्येक नव्या गड्याचा हातही तो पहिल्याच दिवशी वायरीला लावी आणि तो किंचाळला की पोट धरून हसे. सख्ख्या भाच्याची तर पँट ओली झाली होती. ती गोष्ट मामानं भाच्याच्या लग्नात नव्या नवरीसमोरही तिखटमीठ लावून सांगितली होती.

आता गॅरेज भाच्याचं होतं, मामा दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून असायचा आणि त्याला शुगर होती. परवा त्यानं चहाचं उकळतं पातेलं नुसत्या हातानं उतरवलं.

"अहो, भाजलं नाही?" बायको ओरडली.

"कामाचे हात आहेत हे," त्यानं ऐटीत सांगितलं.

ती बिचारी काळजीपोटी भाच्याला म्हणाली, "यांच्या बोटांतला जीव गेलाय रे. जरा सांभाळून घे."

भाच्यानं मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या गड्यांना एका गाडीभोवती गोळा केलं. गाडीवाले मास्तर बाजूला उभे होते.

"मामा, नुसता सेल्फ फिरतोय, इंजिन काही उठत नाही. विचारा तुमच्या बोटाला! बरोबर सांगितलंत तर ती दारातली खुर्ची मरेपर्यंत तुमची. चुकलात तर उद्यापासून घरी."

"अरे, तुझ्या बापाला मी हे काम शिकवलंय!" मामानं मनगट टेकवलं, बोट धरलं. "मार सेल्फ!"

तड, तड, तड. निळी ठिणगी सरळ त्याच्या बोटावर उडत होती. बोट थरथरत होतं. सगळ्यांना दिसत होतं. मामा मात्र डोळे मिटून झटक्याची वाट पाहत होता.

"करंट नाही," तो म्हणाला. "कॉइल मेली."

एक गडी फिस्सकन हसला.

"कॉइल ठणठणीत आहे, मामा. पेट्रोल मी सकाळीच काढून ठेवलंय. मेलंय ते तुमचं बोट."

मामानं डोळे उघडले. बोटाच्या टोकावर पांढरा डाग पडला होता. तो त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिला, मग पुन्हा वायर धरली.

"आणखी एकदा मार."

"मारा रे, मामांना हौस आहे!"

तड, तड. "आता बसला?" कुणीतरी विचारलं. "बसला का हो, मामा?" मास्तरही हसायला लागले. मामा डोळे फाडून ठिणगीकडे बघत राहिला आणि म्हणत राहिला, "आणखी एकदा."

बॅटरी उतरली तेव्हा कुठे ते थांबलं. भाच्यानं दारातली खुर्ची उचलली, फडक्यानं झटकली आणि मास्तरांसमोर ठेवली.

"बसा मास्तर. पाच मिनिटांत देतो गाडी."