थैली कोणाच्या हातात

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांचा धंदा छापील फलकांनी बुडवला, पण हातातली कला काही बुडत नव्हती. ती त्यांनी चर्चमध्ये दर रविवारी ते घेत त्या बायबलच्या वर्गात कामी लावली. नुसत्या उपदेशाला तरणी पोरं जांभया देतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून चर्चमागच्या खोलीत भिंतभर त्यांनी येशूचं शेवटचं भोजन काढायला घेतलं आणि शिष्यांना वर्गातल्याच पोरांचे चेहरे दिले. पोरं हरखली. एरवीही भिंत बघायला येऊ लागली.

शिष्य बारा, पोरं अकरा. बारावा चेहरा काकांनी स्वतःचा घातला आणि स्वतःला केलं येशूचा पट्टशिष्य पेत्र! स्वतःला कुणी वाईट रंगवतं का? राहिला चांदीच्या नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा यहूदा. तो आला धोबिणीच्या मुलाच्या वाट्याला. घरात कुणाला येशूची गोष्ट ठाऊक नसताना हा आपणहून वर्गात आलेला. गरिबाचं पोर, कुरकुर करणार नाही, असं काकांनी गृहीत धरलं आणि चांदीच्या नाण्यांची थैली त्याच्या हातात रंगवली.

"काका, मीच का?" त्यानं एकदाच विचारलं.

"अरे, नाटकात कुणीतरी खलनायक होतोच ना!" काका हसले.

 पोरं त्याला 'थैली' म्हणू लागली. कुणाचं पेन हरवलं की आधी थैलीचे खिसे तपासायची. चेष्टाच ती, पण जिव्हारी लागली. त्यानं वर्ग सोडला आणि रविवारीही बांधकामावर जाऊ लागला. येईल आपसूक, असं म्हणत काका त्याच्या घरी गेले नाहीत. अशाच एका रविवारी, ऐन वर्गाच्या वेळी, त्याच्या पायाखालची परांची तुटली आणि तो जागीच गेला.

तिसऱ्या दिवशी काका तो चेहरा पुसायला पांढरा रंग घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. तेवढ्यात धोबीण दारात आली.

"पुसू नका हो. घरात त्याचा एकही फोटो नाही." तिनं रंगातल्या गालावरून हात फिरवला. "डोळे तर अगदी तस्सेच." मग थैलीवर बोट ठेवून म्हणाली, "माझ्या लेकराच्या हातात हे काय दिलंत?"

काकांनी रंगाचा डबा खाली ठेवला. "हात रिकामा दिसत होता," ते कसंबसं म्हणाले. देवाच्या दारात खोटं बोलले.

ती गेल्यावर त्यांनी थैली पुसली आणि तिथे भाकरीचा तुकडा काढला. थैली दिली पेत्राच्या हातात.

चर्चचे पाळक वैतागले. "अहो, पेत्राकडे थैली? पोरांना शिकवायचं काय?"

"तो आता पेत्र नाही," काका म्हणाले.

दरवर्षी नवी पोरं येतात. गोष्ट संपली की कुणीतरी ओरडतंच, "काका, यहूदा तर तुम्हीच!" सगळा वर्ग खिदळतो. काका म्हणतात, "हो, मीच."

धोबीण दर रविवारी मागच्या बाकावर येऊन बसते. गोष्ट तिला आता पाठ झाली आहे. ती हसत नाही, आणि काकांशी एक शब्दही बोलत नाही.