शिंपीमास्तरांचा चढउतार

आमच्या गल्लीतल्या शिंपीमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला जाड म्हटलं नाही. समोरचा शिंपी टेप लावताच ओरडतो, "वाढलात की हो!" मास्तर मात्र टेप गळ्यात टाकून हळूच म्हणतात, "थोडा चढउतार आहे," आणि शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त राखतात. गिऱ्हाईक खूश.

पन्नाशी उलटली तरी मास्तर एकटेच. मन मात्र कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंवर. बाईही एकट्या, आणि तोंडानं फटकळ. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक. कसं म्हणाल, तर मी कशाला आहे?

एका दुपारी मास्तरांच्या दुकानात माझी विजार उसवून सैल करणं चाललं होतं आणि मी टॉवेल गुंडाळून पडद्यामागे. बाई भाचीच्या लग्नासाठी ड्रेसचं माप द्यायला आल्या. मास्तर आज बाईंना मागणी घालणारच होते. सकाळपासून सुईत दोरा जात नव्हता. पण टेप कमरेला लागला आणि तोंडून सवयीनं निघून गेलं, "थोडा चढउतार..."

"चढउतार म्हणजे काय हो, मास्तर?" बाई कडाडल्या. "कधी वर, कधी खाली, नेम म्हणून नाही, तो चढउतार. आमच्या भट्टीची आच असते तशी. माझी कंबर कधी खाली आलीय? नेमानं वरच चाललीय! याला वाढ म्हणतात. ज्याला तोंडावर खरं बोलवत नाही, त्याच्यावर भरवसा काय ठेवायचा?"

झालं! संसार मांडण्याआधीच मोडला.

मास्तरांनी अंगातला कोट काढला, उलटा केला आणि बाईंपुढे धरला. बगलेखालची शिवण उसवून, आत घेऊन, पुन्हा उसवून नुसती चाळण झालेली.

"चढउतार हा असा असतो, बाई. पाव देताना तुम्ही हसलात की मला दोन घास जास्त जातात. नाही हसलात की उपास. उद्याचं मला काय ठाऊक?"

बाई त्या भोकांवरून बोट फिरवत राहिल्या. मला शिंक आली, ती मी टॉवेलात कोंबली. टॉवेल एकच होता, हे लक्षात घ्या.

"आणि माझं काय? खरं सांगा."

मास्तरांनी टेपवरचा आकडा पुन्हा बघितला. "वाढ. चांगली दोन बोटं."

बाई खळखळून हसल्या. "उद्यापासून जेवायला माझ्याकडे. उपास बंद."

लग्न झालं, आणि कोटातलं राखलेलं कापड बघता बघता संपलं. परवा मी डिवचलं, "काय मास्तर, चढउतार का?"

त्यांनी आधी बेकरीकडे बघितलं, मग पोटाकडे. "छे हो. वाढ."

माझ्या कमरेला मात्र ते अजून चढउतारच म्हणतात. मीही कशाला दुरुस्त करू?