टाइप करताना टचपॅड बंद

माझा स्वभाव फार घाबरट आहे. काही झालं की मी आधी सगळ्यांत वाईट तेच धरून चालते. मोबाइलवर आईचं नाव दिसलं की उचलायच्या आधीच माझा जीव टांगणीला लागतो. त्यामुळे आई जेव्हा म्हणाली, आण्णांच्या कागदांत काहीतरी गडबड व्हायलीय, शनिवारी येऊनच जा, तेव्हा अंबाजोगाईहून बीडला पोचेपर्यंत बसमध्ये माझं त्यांचं सगळं आजारपण मनातल्या मनात काढून झालं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील. तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करून देण्यात त्यांची हयात गेली. वारसाची नोंद, रहिवासी दाखला, बांधाची तक्रार. माणूस समोर बसून गाऱ्हाणं सांगायचा आणि आण्णा ऐकता ऐकताच ते सरकारी मराठीत करून कच्च्या कागदावर उतरवायचे आणि मग टाइप करायचे. पुढं टाइपरायटरची रिबन मिळेना, दुरुस्त करणारा राहिला नाही, आणि आण्णा रिकामे झाले. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माझा जुना लॅपटॉप विंडोज टाकलं की रडायचा, म्हणून त्यात लिनक्स घातलं, टाइपरायटरच्या अक्षरांची जुनी मांडणी बसवून दिली आणि घराच्या पुढच्या खोलीत आण्णांपुढं ठेवला. दोन-चार दिवस ते त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघत राहिले. मग असे सुरू झाले, की गल्लीतले लोक पुन्हा दारात चपला काढून बसायला लागले.

गडबड अशी होती. एका बाईचा वारसाचा अर्ज होता. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचं वाक्य तिच्या पत्त्यात घुसलं होतं. 'राहणार माझे पती मयत झाले असून बीड' असं काहीतरी छापून आलं होतं. कचेरीत कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि लोक हसले. ती बाई परत आली, कागद टेबलावर ठेवला आणि बसून राहिली. त्याच्या आधीही एकदोन अर्जांत असंच झालं होतं, ते आईनं मला सांगितलं नव्हतं.

आण्णांचं एकच म्हणणं होतं. आपण असं टाइप केलंच नाही.

असलं वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझे थोरले काका, आण्णांचे भाऊ, चौसाळ्याला राहायचे. आमचं मूळ गाव तेच. काका शेवटी शेवटी असंच म्हणायचे. जेवून हात धुतलेला असायचा आणि म्हणायचे, मी जेवलोच न्हाई. नंतर नंतर ते हायवेवर जाऊन बसायचे आणि चौसाळ्यातच बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, चौसाळ्याची गाडी कधी हाय. सुरुवातीला लोकांना गंमत वाटली. आण्णा बीडहून जायचे आणि त्यांचा हात धरून त्यांना घरी आणायचे. काका गेले तेव्हा त्यांना आण्णांचीही ओळख राहिली नव्हती.

मी आण्णांना डोळे तपासायचे आहेत असं सांगून अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला दिलं. आण्णांनी सगळं नीट केलं, घड्याळाला तर काटेही झोकात काढले. आताच ठाम काही सांगता येत नाही, लक्ष ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा आणा, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. लक्ष ठेवा म्हणजे काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर रसवंतीवर आम्ही रस घेतला. आण्णांनी अर्धा ग्लास संपवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"डोळ्याच्या डॉक्टरला तारीख कशाला लागती, माय?"

मी रसवाल्याला पैसे द्यायला उठले. त्यांनी परत विचारलंही नाही.

त्यानंतर त्यांनी अर्ज घेणं बंद केलं. मशीन बिघडलं म्हणून लोकांना परत पाठवायला लागले. आईचे फोन वाढले. आज लॅपटॉप नुसता पुसून ठेवला, आज दिवसभर बोलले नाहीत, आज भाजीत मीठ नाही म्हणाले आणि खरंच नव्हतं. आता खरं बोलले तरी आम्हाला धसका बसायचा. मीही फोनवर त्यांना आडून आडून काहीबाही विचारायची, मावशीच्या नातवाचं नाव काय ठेवलं, आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी आलं. ते उत्तर द्यायचे, पण त्यांच्या आवाजावरून कळायचं की परीक्षा चाललीय हे त्यांना समजलंय.

एका शनिवारी मीच हट्ट धरला. माझ्या रजेचा अर्ज टाइप करून द्या म्हणाले. रजा मला नकोच होती. आण्णा नाखुशीनं बसले. कच्चा कागद उजव्या हाताला ठेवला आणि सुरू झाले. मी त्यांच्या पाठीमागं उभी राहून, जीव मुठीत धरून, पहिल्यांदाच पडद्याऐवजी त्यांच्या हातांकडे पाहत होते.

टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हातानं दांडी सरकवावी लागते. लॅपटॉपला दांडी नाही, पण आण्णांचा हात ते मानत नव्हता. ओळ संपत आली की तो आपोआप उचलला जायचा, हवेतच दांडी ढकलायचा आणि परत येताना तळवा कीबोर्डखालच्या चौकोनी पट्टीवर टेकायचा. तेच टचपॅड. त्याला नुसता स्पर्श झाला तरी ते क्लिक समजतं. पडद्यावरचा बाण ज्या ओळीत पडलेला असेल, कर्सर उडी मारून तिथं जातो आणि पुढचं सगळं त्या ओळीत शिरतं. समोर बघणारा माणूस लगेच थांबला असता. आण्णा बघतच नव्हते. टायपिंगच्या क्लासात त्यांना नजर कागदावरून हलवायची नाही असं शिकवलं होतं, हलवली की मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. टाइपरायटरवर एकदा पडलेलं अक्षर जागा सोडून कुठं जात नाही, त्यामुळे बघायची गरजही नव्हती.

मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले. आई पोळपाट सोडून धावत आली, तिला वाटलं झालं काहीतरी. कॉम्प्युटर शिकवून पोट भरणारी मी, वडिलांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेऊन आले होते आणि टचपॅडकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सेटिंगमध्ये एक चौकट असते, 'टाइप करताना टचपॅड बंद'. तिथं टिक केली. पण तेवढ्यानं भागेना, कारण आण्णा ओळीच्या शेवटी क्षणभर थांबायचे आणि तेवढ्यात टचपॅड जागं व्हायचं. मग बंद राहण्याची वेळ वाढवली. हात हवेत जाऊन येईपर्यंत ते गप्प राहायला लागलं. आण्णांनी माझा अख्खा रजेचा अर्ज टाइप केला, एक काना इकडचा तिकडं नाही. त्या बाईलाही त्यांनी बोलावून घेतलं आणि नवा अर्ज दिला. त्या दिवशी आईनं शिरा केला. आण्णा येईल त्याला सांगत होते की मशीनचाच दोष होता, पोरीनं नीट केला. मी रात्री निवांत झोपले, फोन उशाशी न घेता.

दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा आण्णा पुढच्या खोलीत एकटेच बसले होते. त्यांनी माझ्यापुढं एक छापलेला कागद ठेवला. अर्ज सुबक होता. प्रत्येक वाक्य आपापल्या जागी होतं.

"हा माणूस लिंबागणेशचा हाय," आण्णा म्हणाले. "दोनदा सांगितलं त्यानं मला."

अर्जात 'राहणार चौसाळा' असं होतं. वर एकदा आणि खाली सहीजवळ पुन्हा.

असं कुणाचंही होतं, मी म्हणाले. लक्ष नसतं एखाद्या वेळी. आपलं गाव तोंडात बसलेलं असतं. मी बोलत राहिले आणि आण्णा ऐकून घेत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. आत आई भांडी घासत होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून ते हळू बोलले.

"ते तुझं टचपॅड परत चालू करून ठेव."

"कावून, आण्णा?"

"लोकायला सांगाया काईतरी पाहिजे. तुह्या मायला बी."

मी लॅपटॉप पुढं ओढला. सेटिंग उघडलं. टिक काढायला एक क्लिक पुरतो, पण माझं बोट तिथं बराच वेळ थांबलं. टिक काढली की पुढची चूक टचपॅडची की आण्णांची, हे कुणालाच कळणार नव्हतं. आईला नाही, गल्लीला नाही, मलाही नाही. डॉक्टर म्हणाले होते लक्ष ठेवा. आणि खरं सांगते, मलाही ते कळायला नको होतं.

मी टिक काढली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. आण्णांनी चष्मा सारखा केला, नवा कच्चा कागद उजव्या हाताला ठेवला आणि नजर त्याच्यावर रोवली. पहिली ओळ संपली. डावा हात हवेत गेला, नसलेली दांडी ढकलून खाली आला. मी पडद्याकडे पाहिलं नाही.