सायझिंगमागच्या खांबाची नोंद

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. शेजारच्या काकूंनी अमावास्येला ओवाळून टाकलेला नारळ मी उचलून चटणीला वापरलाय, आणि ती चटणी काकूंनीही मिटक्या मारत खाल्ली आहे. या ग्रुपवर येणारे अनुभव मी डब्याच्या सुट्टीत वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. त्यामुळे आज स्वतः लिहायला बसल्यावर कसंतरीच वाटतंय... पण आता मनात ठेवणं जमेना.

मी कोल्हापूरला वीज वितरणाच्या एका ऑफिसात नकाशांचं काम करते. कुठलं ऑफिस ते विचारू नका. आमच्याकडचे लाईनचे नकाशे पूर्वी कागदावर होते — लाल-निळ्या पेनने काढलेले, कडा फाटलेले, चहाचे डाग पडलेले. मग ते कॉम्प्युटरवर उतरवले, पण नुसते चित्रासारखे. दोन तारा एकमेकींना टेकलेल्या दिसायच्या, त्या खरंच जोडलेल्या आहेत का हे कॉम्प्युटरला ठाऊक नसायचं. आता नवी सिस्टिम आली आहे. तिला प्रत्येक खांबाला वीज कुठून येते ते सांगावं लागतं. एकदा सांगितलं, की कुठलाही स्विच बंद केला तर पुढचा सगळा भाग स्क्रीनवर लालचा हिरवा होतो. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. हे सांगायचं काम माझं. माझा धाकटा भाऊ संभा कबनूरला वायरमन आहे, त्यामुळे इथे एक चूक म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या हिवाळ्यात मी कबनूरचाच भाग तपासत होते. सोमवार, सकाळी अकराची वेळ. खांब नंबर चारशे सतरा. सर्व्हेवाल्यांनी काढलेल्या फोटोत शेजारी एक बंद पडलेलं सायझिंग दिसत होतं — मागांच्या सुताला खळ लावायचा कारखाना. त्या खांबाच्या माहितीत 'स्थिती' या रकान्यात लिहिलं होतं — झोपली हाय.

आता यातली मेख सांगते. त्या रकान्यात काही लिहिताच येत नाही. तिथे यादी उघडते आणि दोनच शब्द येतात, चालू आणि बंद. त्यातला एक निवडायचा. तिसरा शब्द तिथे जाऊच शकत नाही.

मला वाटलं, सर्व्हेवाल्या पोरांची टवाळी. मी 'बंद' निवडलं आणि पुढे गेले. जेवून आले तर पुन्हा तेच. झोपली हाय. मग मी महेशला बोलावलं. हा आमच्या सिस्टिमचं तांत्रिक बघतो. त्याने स्क्रीन पाहिली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"मॅडम, हे तुम्ही टाईप कसं केलं?"

"मी कशाला करू? तूच करून दाखव बघू."

त्याने दहा मिनिटं खटाटोप केला, जमलं नाही. मग त्याने नोंदवही उघडली — कोणी, कधी, काय बदललं हे सिस्टिम आपोआप लिहून ठेवते. त्यात एकच बदल होता. माझा. 'बंद'. त्यानंतर कुणी हात लावलेला नव्हता.

"फॉन्टचा लोचा असणार," महेश म्हणाला. कुठलंही घोडं अडलं की हा फॉन्टवर ढकलतो. मी पुन्हा 'बंद' केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केलं तर शब्द होताच, आणि आता त्या खांबापासून एक रेषा निघाली होती. सायझिंगच्या आवारातून तिरकी जाऊन शेजारच्या दुसऱ्या फीडरच्या, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या दुसऱ्या मुख्य लाईनच्या, खांबाला मिळालेली. माझ्या रेषा सरळ असतात. ही हाताने काढल्यासारखी वाकडीतिकडी होती. सर्व्हेत असलं काही नव्हतं, कागदी नकाशात नव्हतं. पण ती होती म्हणून सिस्टिम त्या भागाला हिरवं दाखवेना. स्विच बंद केला तरी सगळं लालच. दुसराही फीडर बंद केला तरच हिरवं.

आणि साहेबांना तो भाग साडेदहापर्यंत हवा होता. तिथल्या फुटलेल्या चिमण्या, म्हणजे खांबावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर, त्या दिवशी बदलायच्या होत्या. नव्या नकाशावरून होणारं ते पहिलंच काम. साहेब दोनदा येऊन मागे उभे राहिले. "अहो, दोन फीडर बंद करायची काय गरज? नकाशा तर एकच दाखवायला पाहिजे ना?"

मला भीती वाटली नव्हती. राग आला होता. दोन दिवस कुणीतरी माझ्या कामात ढवळाढवळ करतंय आणि साहेब माझ्याकडे बघतायत, याचा राग. मी ती रेषा डिलीट केली. 'झोपली हाय' चं 'बंद' केलं. सगळा भाग छान हिरवा झाला, आणि मी तो लाईनवरच्या लोकांच्या मोबाईलवर पाठवून दिला.

सव्वाअकराला मी संभाला फोन लावला. कशासाठी? तर आईच्या शुगरच्या गोळ्यांसाठी. आई त्याच्याकडे राहते. मला काही संशय आला होता, आतला आवाज वगैरे आला होता, असं अजिबात नाही. हे मुद्दाम लिहितेय.

"बोल की आक्का. बिगीनं बोल, चढायलोय."

"आईच्या गोळ्या आणल्यास न्हवं?"

"सांजच्याला आणतो."

"बरं, आणि एक. तुमच्यातला कोण शाना हाय रे? माझ्या नकाशात 'झोपली हाय' म्हणून लिवतंय कोणतरी."

तो आधी हसला. मग त्याने एकदम विचारलं —

"कुठं लिवलंय?"

"चारशे सतरा नंबरला."

"नंबर नगं गं, आमाला काय कळतंय त्यातलं. नाव सांग."

"नाव कुठलं? बंद पडलेलं सायझिंग हाय बघ शेजारी. त्याच्या मागचा खांब."



"आक्का," तो म्हणाला, "त्याच्याच बुडात हुबा हाय मी. आन् त्यो शब्द तात्यांचा हाय." फोन कट झाला.

तात्या म्हणजे संभाला ज्यांनी हे काम शिकवलं ते जुने वायरमन. मी त्यांना एकदाच, संभाच्या लग्नात पाहिलं होतं. रिटायर झाले, आणि आमची नवी सिस्टिम यायच्या दोन वर्षं आधी घरीच म्हातारपणाने वारले.

मी परत फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. गडबडीत तिसऱ्यांदा मी चुकून घरमालकांना लावला. साहेबांना सांगायचं तर काय सांगायचं? साहेब, मेलेल्या माणसाने नोंद केली आहे, काम थांबवा? मी खुर्चीत नुसती बसून राहिले. समोर स्क्रीनवर तो भाग हिरवागार.

वीस मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज चिरकत होता.

"जित्ती हुती, आक्का."

झालं होतं असं. चढण्याआधी तारांवर जमिनीला जोडलेली साखळी टाकायची असते. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून. त्या दिवशी मोबाईलवर सगळं हिरवं दिसतंय म्हणून संभाने साखळी गाडीतच ठेवली होती. माझ्या फोननंतर त्याने ती आणली आणि खालून तारांवर टाकली. मोठा जाळ झाला, आणि सबस्टेशनला दुसरा फीडर पडला, म्हणजे आपोआप बंद झाला.

नंतर खोदल्यावर कळलं, सायझिंगला कुठल्या तरी जमान्यात दुसऱ्या फीडरवरून जमिनीतून केबल दिली होती आणि तिचं टोक या खांबावर जोडलेलं होतं. कारखाना बंद पडला, मीटर गेलं, केबल तशीच राहिली. कुठल्याच कागदावर नाही. तात्या त्या भागात काम निघालं की दोन्ही फीडर बंद करायला लावायचे. का, ते कुणी विचारलं नाही. म्हाताऱ्याची खोड म्हणायचे. आणि लाईन बंद केली की पोरांना दम भरायचे — "मेली म्हणायचं न्हाई. झोपली म्हणायचं. मेलेलं उठत न्हाई, झोपलेलं कवाबी उठतंय."

केबल खोदून काढली तेव्हा मी स्वतः तिथे गेले होते. ती ज्या वाकड्या वाटेने गेली होती, तीच वाट मी स्क्रीनवर पाहिली होती. तसूभर फरक नाही.

महेशने सगळी नोंदवही पुन्हा चाळली. त्यात ती रेषा कुणी काढल्याची नोंद नाही. मी ती डिलीट केल्याचीसुद्धा नोंद नाही. म्हणजे सिस्टिमच्या हिशोबाने ती कधी नव्हतीच. महेश तर आता म्हणतो की त्याने तो शब्द पाहिल्याचं त्याला नीट आठवत नाही. त्याचंही बरोबर आहे, त्याला नोकरी करायची आहे. मला आजपर्यंत याचं स्पष्टीकरण मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त फॉन्ट म्हणू नका.

जाळ झाला त्याच दिवशी संध्याकाळी संभा आईला घेऊन कोल्हापूरला आला आणि दारातच माझ्या पाया पडला. "आक्काच्या नकाशानं वाचवलं" असं तो सगळ्या भावकीत सांगत सुटलाय. ती रेषा कुणी पुसली, तो भाग कुणी हिरवा केला, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. दरवेळी ठरवते आणि दरवेळी जीभ रेटत नाही.

आई दर रविवारी फोन करते. "बाळे, तू हायस म्हणून माझं पोरगं हाय," म्हणते.

मी हूं म्हणते.